सोसायटी आणि अपार्टमेंटमधील नियम व देखभाल : सांगली, मिरज आणि कुपवाडमधील रहिवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की गळतीचे आणि पुराचे प्रश्न येतात, मार्च संपला की थकबाकीचे येतात आणि सप्टेंबर जवळ आला की वार्षिक सभेचे येतात. सोसायटीच्या सचिवपदाचे काम करताना ज्या शंका पुन्हा पुन्हा कानावर आल्या, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या इमारतीच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिले आहे, पण बोलताना सगळे ‘सोसायटी’च म्हणतात. आम्हाला कोणता कायदा लागू होतो?

पाटीवरच्या नावावरून काहीही ठरत नाही, कागदावरून ठरते. इमारतीची नोंदणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे झालेली असेल आणि आपल्या हाती भाग दाखला, म्हणजेच शेअर सर्टिफिकेट असेल, तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था आहे आणि तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. या कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आहे. याउलट, बिल्डरने दुय्यम निबंधक कार्यालयात घोषणापत्र नोंदवले असेल आणि आपल्या नावे ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ झाले असेल, तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू होतो.

हा फरक केवळ नावाचा नाही. सोसायटीत जमीन आणि इमारत अखेरीस संस्थेच्या नावे होते आणि सेवा खर्च प्रत्येक सदनिकेला सारखा येतो. अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाचा जमिनीत आणि सामाईक जागेत ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो आणि सामाईक खर्चही त्याच टक्क्यांनी वाटला जातो. दोन्ही प्रकारच्या इमारती आपल्याकडे शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळे एकीचा नियम दुसरीत लावला जातो आणि तेथून वाद सुरू होतो. पुढील उत्तरे मुख्यतः सोसायटीसाठी आहेत. अपार्टमेंटच्या रहिवाशांनी आपले घोषणापत्र आणि उपविधी (बाय-लॉज) आधी वाचावेत.

२. नियम करण्याचा अधिकार कोणाला आहे? अध्यक्षांनी फलकावर नोटीस लावली, तर तो नियम होतो का?

होत नाही. सर्वांत वर कायदा, त्याखाली नियम, त्याखाली संस्थेचे नोंदणीकृत उपविधी आणि त्यानंतर सर्वसाधारण सभेचे ठराव, अशी ही उतरंड आहे. व्यवस्थापक समितीने या चौकटीत राहून रोजचा कारभार पाहायचा असतो. पाण्याची वेळ बदलणे किंवा जिन्याच्या सफाईचे दिवस ठरवणे हे समितीच्या हातात आहे, परंतु नवी आकारणी करणे किंवा दंडाची रक्कम ठरवणे यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तोंडी ठरलेल्या गोष्टींना नंतर कोणीच धरून राहत नाही, म्हणून ठराव इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह लिहिलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. बहुतेक भांडणे नियम नसल्यामुळे होत नाहीत, नियम लिहून न ठेवल्यामुळे होतात.

३. माझी सदनिका एक बेडरूमची आहे आणि शेजाऱ्यांची तीन बेडरूमची आहे. दोघांनाही सारखाच मेंटेनन्स का?

मेंटेनन्स ही एकच रक्कम नसून वेगवेगळ्या खर्चांची बेरीज आहे आणि प्रत्येक खर्चाची वाटणी वेगळी आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातील दिवे, कार्यालयीन खर्च हा सेवा खर्च आहे आणि तो सर्व सदनिकांना समान येतो, कारण वॉचमन मोठ्या घराची राखण जास्त आणि लहान घराची कमी करत नाही. मालमत्ता कर महापालिकेने आकारल्याप्रमाणे घ्यायचा असतो. पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यांवरून ठरते. इमारतीचा विमा बांधीव क्षेत्रफळानुसार वाटला जातो. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (दोन्हींविषयी प्रश्न ४ पाहावा) बांधकाम खर्चाच्या प्रमाणात असल्यामुळे मोठ्या सदनिकेला ते जास्त येतात. त्यामुळे बिल नीट फोड करून दिले, तर दोन सदनिकांची एकूण रक्कम सहसा सारखी निघत नाही. एकच गोळा आकडा देणाऱ्या बिलाऐवजी फोड असलेले बिल मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

लिफ्टचा खर्च मात्र त्या इमारतीतील सर्वांना समान येतो. तळमजल्यावरील सभासद लिफ्ट वापरत नसले, तरी त्यांना तो टाळता येत नाही.

४. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांत काय फरक आहे आणि किती रक्कम घ्यावी?

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठी नमुना म्हणून दिलेल्या उपविधींनुसार, सिंकिंग फंड दर वर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के असावा. बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरायची नसते. एखाद्या सदनिकेचा बांधकाम खर्च १२ लाख रुपये असेल, तर सिंकिंग फंड वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५० रुपये येतो आणि दुरुस्ती निधी वर्षाला ९,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७५० रुपये येतो. दुरुस्ती निधी नेहमीच्या डागडुजीसाठी असतो. सिंकिंग फंड पुनर्बांधणी, मोठी संरचनात्मक दुरुस्ती अशा कामांसाठी राखायचा असतो आणि रंगकामासाठी तो मोडणे योग्य नाही. आपल्याकडे अनेक इमारतींत ‘मेंटेनन्स कमी आहे’ याचा अभिमान बाळगला जातो, पण तो बहुतेक वेळा हे दोन निधी न घेतल्यामुळेच कमी असतो. वीस वर्षांनी स्लॅबच्या सळ्या उघड्या पडतात, तेव्हा एकेका घराकडून मोठी रक्कम मागण्याची वेळ येते आणि त्या वेळी निवृत्त झालेल्या सभासदांचे हाल होतात. हे मी जवळून पाहिले आहे.

५. एक सभासद दोन वर्षे पैसे भरत नाहीत. त्यांचे पाणी बंद करता येईल का?

नाही. पाणी आणि वीज या अत्यावश्यक सेवा आहेत आणि थकबाकीसाठी त्या तोडल्या, तर थकबाकीदारच तक्रारदार होतो आणि समितीला उत्तर द्यावे लागते. वसुलीचा सरळ मार्ग कायद्यानेच दिलेला आहे. मागणीची लेखी नोटीस द्यावी, खाते उतारा जोडावा आणि तरीही भरणा झाला नाही, तर कलम १५४ब-२९ अन्वये निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा. हा दाखला मिळाल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. थकीत रकमेवर व्याज घेता येते, पण त्याचा दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला असावा लागतो आणि आदर्श उपविधींनी त्याला वार्षिक २१ टक्के सरळव्याजाची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे वर्षभर थकलेल्या १८,००० रुपयांवर जास्तीत जास्त ३,७८० रुपये व्याज होते. काही संस्था दर महिन्याला व्याजावर व्याज लावतात, ते चुकीचे आहे.

थकबाकीदारांची नावे लिफ्टजवळ लावण्यापेक्षा त्यांच्या घरी जाऊन बोलणे मला नेहमी अधिक उपयोगी पडले आहे. घरात आजारपण असेल, तर हप्ते बांधून देता येतात, फक्त ते लेखी असावेत.

६. वार्षिक सभेला कधीच गणपूर्ती होत नाही. अशा सभेतील निर्णय वैध असतात का?

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती असते. १२ सदनिकांच्या इमारतीत म्हणून ८ सभासद पुरेसे होतात. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर सभा तहकूब करावी लागते. त्याच दिवशी पुढच्या वेळेला सभा घेण्याचा उल्लेख मूळ नोटिशीत असेल, तर तहकूब सभा गणपूर्तीशिवायही विषयपत्रिकेवरील कामकाज करू शकते. विषयपत्रिकेवर नसलेला खर्चाचा विषय मात्र तेथे ‘आयत्या वेळी’ मंजूर करून घेऊ नये.

७. वरच्या घरातून आमच्या छताला ओल येते. दुरुस्ती कोणी करायची?

पाणी कोठून येते, यावर उत्तर अवलंबून आहे. वरच्या घरातील न्हाणीघर, संडास किंवा स्वयंपाकघराच्या अंतर्गत नळातून गळती असेल, तर त्या घराच्या मालकाने स्वखर्चाने ती थांबवायची असते. बाहेरील सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन, बाहेरच्या भिंती किंवा गच्ची यांतून पाणी येत असेल, तर दुरुस्ती संस्थेने करायची असते. सर्वांत वरच्या मजल्यावरील घरात गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून छताचा गिलावा खराब झाला, तर तो गिलावाही संस्थेनेच करून द्यायचा असतो. हे अनेक समित्यांना माहीत नसते आणि वरच्या मजल्यावरचा सभासद विनाकारण एकटा पडतो.

ओल नेमकी कोठून येते हे नुसत्या अंदाजाने ठरवू नये. सलग दोन दिवस वरचे न्हाणीघर बंद ठेवून पाहावे, नंतर रंगीत पाणी सोडून पाहावे आणि तरीही उलगडा झाला नाही, तर अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा. वरचा मालक दुरुस्तीसाठी घरात येऊ देत नसेल, तर समितीने लेखी नोटीस द्यावी. दोन सभासदांनी आपापसांत भांडत बसणे हा त्यावरचा उपाय नाही.

८. इमारतीचे संरचनात्मक परीक्षण कधी करावे लागते?

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी एकदा आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी एकदा. परीक्षण पात्र संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावे.

९. पुराची तयारी म्हणून आमच्या इमारतीने पावसाळ्यापूर्वी नेमके काय करावे?

सांगलीत या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिलेच पाहिजे. कृष्णेची पातळी आपण आयर्विन पुलावर मोजतो. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते आणि २००५ व २०२१ चे पूरही गावभागातील कोणी विसरलेले नाही. कोणत्या फुटाला आपल्या दारात पाणी येते, हा आकडा प्रत्येक इमारतीचा वेगळा असतो. जुन्या रहिवाशांना विचारून तो आकडा निश्चित करावा आणि जिन्यातील भिंतीवर ठळक रंगवून ठेवावा. ‘पाणी चढतंय’ या बातमीपेक्षा तो आकडा अधिक उपयोगी आहे, कारण त्यावरून किती वेळ हातात आहे याचा अंदाज येतो.

पाणी बहुधा रस्त्याने येण्याआधी नाल्यांतून आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून मागे येते. म्हणून मे महिन्यात सर्व चेंबर उघडून गाळ काढावा आणि बाहेरच्या शेवटच्या चेंबरवर पाणी उलटे आत येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. जमिनीखालच्या टाकीचे झाकण तळपातळीला असेल, तर त्याभोवती वीट-सिमेंटचा उंच कठडा बांधून झाकण वर घ्यावे. पार्किंगमधील मीटर बोर्ड २०१९ च्या खुणेच्या वर नेण्यासाठी महावितरणकडे रीतसर अर्ज करावा आणि ते काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. पाण्याची मोटर शक्य असल्यास उंच ओट्यावर बसवावी.

इशारा पातळी ओलांडली की गाड्या विश्रामबाग किंवा अन्य उंच भागात हलवाव्यात, लिफ्ट सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन तिचा मुख्य स्विच बंद करावा, गच्चीवरील टाक्या भरून घ्याव्यात आणि पाणी पार्किंगमध्ये शिरण्याआधी इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद करावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची, गरोदर स्त्रियांची आणि नियमित डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांची यादी समितीकडे आधीच असावी आणि त्यांना सर्वांत आधी हलवावे.

दप्तराबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आमचे कार्यालय तळमजल्यावर होते आणि २०१९ च्या पुरात भाग नोंदवही आणि जुनी इतिवृत्ते भिजून लगदा झाली. सभासदांकडच्या प्रती गोळा करून ती पुन्हा उभी करायला दीड वर्ष लागले. आपले दप्तर आजच वरच्या मजल्यावर न्यावे आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून किमान तीन जणांकडे ठेवावा.

१०. पूर ओसरल्यावर पाणी आणि वीज कधी सुरू करावी?

वीज घाईने सुरू करू नये. मीटर बोर्ड, मोटर, लिफ्टचा खड्डा आणि पार्किंगमधील वायरिंग कोरडे झाल्यावर परवानाधारक कंत्राटदाराकडून तपासून घेतल्यानंतर आणि महावितरणच्या संमतीनंतरच पुरवठा चालू करावा. लिफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय चालवू नये. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, गाळ काढून, घासून धुवावी, पुन्हा भरून ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करावी, ते पाणी सोडून द्यावे आणि नव्याने भरावे. त्यानंतरही पाण्याची तपासणी होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. टाकीत उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे आणि एकट्या माणसाला कधीही आत उतरवू नये. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, कारण इंजिनात पाणी असताना ते सुरू केल्याने नुकसान वाढते आणि विम्याचा दावा अडचणीत येतो. इमारतीच्या विम्यात पुराचे संरक्षण समाविष्ट आहे का, हे पॉलिसी घेतानाच वाचून पाहावे आणि साफसफाईपूर्वी सर्व नुकसानीचे फोटो काढावेत.

११. कंपाउंडची भिंत आणि फरशी दर उन्हाळ्यात तडकते. ठेकेदाराचे काम निकृष्ट आहे का?

तसे असू शकते, परंतु आपल्याकडची काळी माती हे त्याहून मोठे कारण आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घालून भिंत बांधली, तर ती हलणारच. भिंतीच्या पायाखाली मुरूम भरून घ्यावा, गच्चीचे पाणी भिंतीच्या कडेला न सोडता पाइपने दूर न्यावे आणि भिंतीलगत मोठी झाडे लावू नयेत. केवळ भेगा बुजवून रंग देण्यावर दर वर्षी केलेला खर्च वाया जातो.

१२. बिल्डरने मला स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील, पार्किंग विकले आहे. आता सोसायटी ते माझ्याकडून काढून घेऊ शकते का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले की, स्टिल्टमधील आणि उघडी पार्किंगची जागा ही सामाईक जागा आहे आणि बिल्डर ती सदनिकेपासून वेगळी विकू शकत नाही. त्यामुळे वाटपाचा अधिकार सोसायटीच्या सर्वसाधारण सभेकडे येतो. जागा कमी आणि अर्जदार जास्त असतील, तर आदर्श उपविधींनुसार चिठ्ठ्या टाकून वाटप करता येते. चारही बाजूंनी भिंती असलेले बंदिस्त गॅरेज ही वेगळी बाब आहे. अनेक वर्षांची वहिवाट मोडताना समितीने सबुरीने घ्यावे, विशेषतः अपंग आणि ज्येष्ठ सभासदांना प्रवेशद्वाराजवळची जागा राखून ठेवावी.

१३. घर वालचंद किंवा विलिंग्डन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचे आहे. सोसायटी ‘कुटुंबालाच द्या’ असे म्हणू शकते का?

अविवाहित किंवा विद्यार्थी आहेत एवढ्याच कारणावरून भाडेकरू नाकारण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला नाही. जात किंवा धर्म पाहून नाकारण्याचा तर नाहीच. मालकाची कर्तव्ये मात्र आहेत. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावा, पोलिसांना माहिती द्यावी आणि सोसायटीला आगाऊ लेखी कळवून कराराची प्रत द्यावी. मिरजेत रुग्णाच्या नातेवाइकांना महिना-पंधरा दिवसांसाठी घर दिले जाते, तेथेही हे कागद लागतात. मुलांच्या गोंगाटाचा त्रास झाला, तर त्या वर्तनावर कारवाई करावी. आवाजाबाबत प्रश्न १६ पाहावा.

भाड्याने दिलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण ते सेवा खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सेवा खर्च १,२०० रुपये असेल, तर १२० रुपये. भावाला, बहिणीला किंवा आई-वडिलांना घर राहायला दिले असेल, तर हे शुल्क लागत नाही.

१४. मुले पुण्यात आहेत आणि सांगलीचे घर कुलूपबंद आहे. मग बिनभोगवटा शुल्क का?

ते घेता येत नाही, कारण हे शुल्क भाड्याने दिलेल्या घरासाठी आहे, रिकाम्या घरासाठी नाही. नेहमीचा मेंटेनन्स मात्र पूर्ण भरावा लागतो. बंद घराची एक चावी विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी, कारण बंद घरातील नळ फुटल्यामुळे खालच्या दोन मजल्यांचे नुकसान झालेले आहे.

१५. सोसायटी कुत्रा पाळण्यास बंदी घालू शकते का?

नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. स्वच्छता, पट्टा, लसीकरण यांबाबत वाजवी नियम मात्र करता येतात. आवारातील भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देण्याची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रहिवासी संस्थांवर टाकली आहे. ती जागा लहान मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यापासून दूर असावी.

१६. गणपतीची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात लावली आहे. ती भरलीच पाहिजे का?

वर्गणी ऐच्छिक आहे आणि तिची पावती वेगळी असावी. ती न भरल्यामुळे कोणीही थकबाकीदार ठरत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती सोसायटीच्या आवारातही लागू होते.

१७. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. कोणाची परवानगी लागते?

गच्ची सर्वांची असल्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सामाईक दिवे, मोटर आणि लिफ्ट यांच्या विजेसाठी संस्थेनेच संच बसवला, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांना प्रति किलोवॉट १८,००० रुपये साहाय्य ठेवलेले आहे. पॅनेलचे खांब रोवताना वॉटरप्रूफिंगला छिद्रे पडणार नाहीत, ही अट कंत्राटात लिहून घ्यावी, नाहीतर प्रश्न ७ मधील गळती विकत घेतल्यासारखे होते.

१८. वडिलांनी मला नामनिर्देशित केले होते. आता बहीण हक्क सांगते आहे. सोसायटी कोणाचे ऐकणार?

सभासदाच्या मृत्यूनंतर संस्था नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेते आणि वारसांचा हक्क ठरेपर्यंत ती व्यक्ती संस्थेशी व्यवहार करते. नामनिर्देशनामुळे मालकी मिळत नाही. मालकी मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा नोंदणीकृत कौटुंबिक व्यवस्थापत्र यांवरून ठरते. समितीने या वादात निवाडा करू नये आणि कोणा एकाची बाजूही घेऊ नये.

१९. माझ्या दोन सदनिका आहेत. मला दोन मते आहेत का? मी येऊ शकलो नाही, तर मुलगा मत देऊ शकतो का?

सोसायटीत एका सभासदाला एकच मत असते, सदनिका कितीही असोत. मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या व्यक्तीला सर्वसाधारण सभेत बसता येत नाही. मुलगा आधीपासून सहयोगी सभासद, म्हणजे आपल्यासोबत संस्थेत नोंदलेला सभासद असेल, तर मात्र आपल्या अनुपस्थितीत त्याला मत देता येते.

२०. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि पूर आमच्यापर्यंत कधीच येत नाही. मीटर बोर्ड वर घेण्याचा आणि टाकीच्या कठड्याचा खर्च आम्ही का द्यावा?

मीटर बोर्ड, टाकी, मोटर आणि ड्रेनेज या सामाईक गोष्टी आहेत आणि त्यांचा खर्च मजल्याप्रमाणे वेगळा होत नाही, जसा लिफ्टचा होत नाही (प्रश्न ३). पुरात तळमजल्याचा बोर्ड बुडाला, तर चौथ्या मजल्यावरची वीजही जाते आणि टाकीत गाळ गेला, तर तेच पाणी चौथ्या मजल्यावर चढते. तळमजल्यावरील घराच्या आतील दारे, फर्निचर आणि रंग यांचा खर्च मात्र त्या मालकाचाच असतो. दुरुस्तीचा खर्च समितीच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर तीन दरपत्रके मागवून सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी आणि शक्यतो ही सभा मे महिन्यापूर्वी घ्यावी.